कुस्तीची पटकथा आणि लघवीची बाटली

मार्च २००८ मध्ये जेफ हार्डी या मल्लाकडे डब्ल्यूडब्ल्यूई या निकाल आधीच ठरलेल्या कुस्तीच्या अमेरिकी कंपनीचा इंटरकॉन्टिनेंटल पट्टा होता आणि रेसलमेनिया या तिच्या सर्वात मोठ्या कार्यक्रमातल्या ‘मनी इन द बँक’ लढतीत त्याचं नाव पक्कं होतं. तेवढ्यात कंपनीच्या औषध-चाचणीत तो दुसऱ्यांदा दोषी निघाला. पट्टा ख्रिस जेरिकोकडे गेला, हार्डीला ६० दिवस विनावेतन घरी बसावं लागलं आणि रेसलमेनिया हुकली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मात्र तो कंपनीचा मुख्य विजेता झाला. ऑलिंपिक कुस्तीत दोनदा सापडलेल्या मल्लाच्या बाबतीत हे कल्पनेतही शक्य नाही. प्रयोगशाळेतलं रसायनशास्त्र दोन्हीकडे एकच आहे. कारकिर्दीचं काय होणार, हे त्यातून निघालेल्या आकड्याला कोणता नियम लावला जातो त्यावर ठरतं.

आधी आकडा कसा मिळतो ते पाहू. ऑलिंपिक खेळांच्या पद्धतीत मल्लाने निरीक्षकाच्या डोळ्यांदेखत किमान ९० मिलिलिटर लघवी द्यायची असते. तिचे ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन सीलबंद बाटल्यांत भाग करतात. नमुना फार पातळ असला, म्हणजे भरपूर पाणी पिऊन आलेला असला, तर पुन्हा मागतात. प्रयोगशाळेत नमुन्यातले घटक क्रोमॅटोग्राफीने वेगळे होतात आणि मास स्पेक्ट्रोमीटर प्रत्येकाची ओळख पटवतो. मिथँडियनोनसारखं कृत्रिम स्टिरॉइड शरीरात कधीच तयार होत नाही, त्यामुळे त्याचा अंश सापडला की विषय संपला. ही गोळी काही तासांतच रक्तातून ओसरते, पण तिच्या विघटनातून बनणारा एक पदार्थ ५ मिलिग्रॅमच्या एका मात्रेनंतरही सुमारे १९ दिवस लघवीत सापडू शकतो.

टेस्टोस्टेरॉनचं प्रकरण अवघड आहे, कारण ते शरीरात असतंच. म्हणून त्याची तुलना एपिटेस्टोस्टेरॉन या जुळ्या रेणूशी करतात. बहुतेकांत हे प्रमाण १:१ च्या आसपास असतं. बाहेरून टेस्टोस्टेरॉन टोचलं की पहिलं वाढतं, दुसरं वाढत नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्था ‘वाडा’ ४:१ च्या वरचा नमुना संशयास्पद धरते आणि मग कार्बनच्या समस्थानिकांची, म्हणजे त्याच्या कमी-जास्त वजनाच्या अणूंची तपासणी होते. बाजारातलं टेस्टोस्टेरॉन वनस्पतींपासून बनवलेलं असल्याने त्यात कार्बन-१३ किंचित कमी असतो. यातही एक फट आहे. काही लोकांत यूजीटी२बी१७ हे जनुकच नसतं, त्यामुळे त्यांच्या लघवीत टेस्टोस्टेरॉन फार कमी उतरतं. स्वीडनमधल्या एका प्रयोगात अशा पुरुषांना ५०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनँथेटचं इंजेक्शन दिलं, तरी त्यांतले ४० टक्के ४:१ ची रेषा ओलांडू शकले नाहीत. पूर्व आशियात हे जनुक नसणं सर्रास आढळतं.

व्यावसायिक कुस्तीत चाचणी आली ती खेळाच्या शुद्धतेसाठी नव्हे. निकाल ठरलेलाच असेल तर फसवणूक कुणाची? ती आली खटल्यांच्या आणि मृत्यूंच्या दबावाने. १९९१ मध्ये पेनसिल्व्हेनियातले डॉक्टर जॉर्ज झहोरियन मल्लांना स्टिरॉइड पुरवल्याबद्दल दोषी ठरले, आणि तेव्हाच्या डब्ल्यूडब्ल्यूएफने (आजची डब्ल्यूडब्ल्यूई) स्टिरॉइड चाचण्या जाहीर केल्या. आपल्याकडे पोरं ट्रम्प कार्डांवरच्या छाती-बायसेप्सच्या इंचांवर डाव जिंकत होती, तेव्हा तिकडे ते इंच उतरू लागले होते. १९९२ च्या ऑक्टोबरमध्ये पट्टा मिळाला तो त्या मानाने लहान चणीच्या, पण तंत्रात पक्क्या ब्रेट हार्टला. पुढच्याच महिन्यात अल्टिमेट वॉरियर आणि ब्रिटिश बुलडॉग या मल्लांना कंपनीने काढलं. कारण होतं ग्रोथ हार्मोन. त्याची चाचणी तेव्हा अस्तित्वातच नव्हती. रक्तातून ते पकडणारी तपासणी २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये प्रथम वापरली गेली. म्हणजे ही दोन नावं प्रयोगशाळेत सापडलेली नव्हती, बाहेरून मागवलेल्या मालामुळे उघडी पडली.

१९९६ मध्ये खर्चाचं कारण देऊन चाचण्या थांबल्या. नोव्हेंबर २००५ मध्ये कंपनीचा मल्ल एडी गरेरो वयाच्या ३८ व्या वर्षी हृदयविकाराने गेला, आणि फेब्रुवारी २००६ मध्ये नवं धोरण आलं: पहिल्या दोषाला ३० दिवस, दुसऱ्याला ६०, तिसऱ्याला करार रद्द. आधी सूचना देऊनही पहिल्या वर्षी ४० टक्के मल्ल दोषी निघाले, असं अमेरिकी काँग्रेसच्या समितीच्या चौकशीत पुढे आलं.

या धोरणातली सगळ्यात कमजोर जागा म्हणजे वैद्यकीय सवलत. वर्षानुवर्षं स्टिरॉइड घेतलं की मेंदू वृषणांना संदेश पाठवणं थांबवतो आणि शरीराचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन घटतं. मग ती घट दाखवून डॉक्टरकडून टेस्टोस्टेरॉन लिहून घेता येतं. ज्या औषधाने बिघाड केला, तेच उपचार म्हणून कायदेशीर होतं. कंपनीचा मल्ल ख्रिस बेन्वा याने जून २००७ मध्ये पत्नी आणि मुलाची हत्या करून आत्महत्या केली, तेव्हा त्याच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन भरमसाट सापडलं. एप्रिलमधली कंपनीची चाचणी तो उत्तीर्ण झाला होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ऑरलँडोच्या सिग्नेचर फार्मसीच्या ग्राहकांच्या यादीवरून दहा मल्ल निलंबित झाले. इथेही नावं लघवीतून आली नव्हती, औषधांच्या नोंदींतून आली. १ नोव्हेंबर २००७ पासून कंपनी निलंबितांची नावं जाहीर करू लागली. माझ्या मते ३० दिवसांचा पगार बुडण्याहून हीच शिक्षा जड होती.

डब्ल्यूडब्ल्यूईचा तारा ब्रॉक लेस्नरचं उदाहरण तर हसू यावं असं आहे. जुलै २०१६ मध्ये तो यूएफसी या मिश्र युद्धकलांच्या स्पर्धेत खरी झुंज खेळला आणि नमुन्यांत क्लोमिफीन सापडलं. हे औषध मुळात स्त्रियांच्या वंध्यत्वावरचं. ते मेंदूला इस्ट्रोजेनची जाणीव होऊ देत नाही, त्यामुळे थांबलेलं टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू होतं. म्हणून स्टिरॉइडचा कोर्स संपल्यावर घेतात. नेवाडाच्या क्रीडा आयोगाने त्याचा विजय रद्द केला, एक वर्षाची बंदी घातली आणि अडीच लाख डॉलर दंड केला. डब्ल्यूडब्ल्यूईने मात्र काहीच केलं नाही, कारण ‘अर्धवेळ’ कलाकाराला धोरण लागू नव्हतं. ऑगस्टमध्ये तो कंपनीच्या समरस्लॅम या कार्यक्रमात रिंगणात होता.

नेमक्या त्याच ऑगस्टमध्ये तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव ऑलिंपिकसाठी रिओत बसून होता. २५ जूनच्या नमुन्यात मिथँडियनोन सापडलेलं. कुणीतरी आपल्या पेयात भुकटी मिसळली, हा त्याचा बचाव ‘नाडा’ या भारतीय उत्तेजकविरोधी संस्थेने मान्य केला होता. वाडाने क्रीडा लवादाकडे दाद मागितली. तिथे तज्ज्ञांनी सांगितलं की नमुन्यातलं प्रमाण पाण्यात मिसळलेल्या भुकटीने येण्यासारखं नाही, त्यासाठी एक-दोन गोळ्या तोंडावाटे घ्याव्या लागतील. १८ ऑगस्टला चार वर्षांची बंदी लागली. त्याची ७४ किलो गटातली लढत दुसऱ्या दिवशी होती.