'बिलियन' नेमका किती? एका शब्दाच्या दोन किमतींची पार्श्वभूमी

आज बिलियनचे मराठी सरसकट 'अब्ज', म्हणजे शंभर कोटी, असे केले जाते. जुन्या ब्रिटिश पुस्तकांच्या बाबतीत मात्र हे भाषांतर हजार पटींनी चुकते. तिथला बिलियन म्हणजे दहा लाख गुणिले दहा लाख, अर्थात एक लाख कोटी.

शब्द घडला तो याच मोठ्या अर्थाने. मिलियनचा दुसरा घात तो बिलियन, तिसरा तो ट्रिलियन; १४८४च्या एका फ्रेंच हस्तलिखितात ही मांडणी आहे. पुढे खुद्द फ्रान्समध्येच बिलियन शंभर कोटींवर उतरला. अमेरिकेने हा छोटा अर्थ घेतला, ब्रिटनने मोठा जपला.

ब्रिटनमध्ये कलाटणी मिळाली २० डिसेंबर १९७४ रोजी. सरकारी भाषणांत, कागदपत्रांत आणि संसदेतल्या उत्तरांत मंत्र्यांनी बिलियन फक्त ब्रिटिश अर्थानेच वापरावा, अशी व्यवस्था पंतप्रधान करतील का, असे एका खासदाराने विचारले होते. पंतप्रधानांचे लेखी उत्तर आले : नाही. हा शब्द आता आंतरराष्ट्रीय पातळीवर हजार मिलियन याच अर्थाने वापरला जातो, मंत्र्यांनी वेगळा अर्थ धरला तर गोंधळ होईल. देशात काही जण अजून जुना अर्थ घेतील हेही त्यांनी मान्य केले आणि संदिग्धता राहू नये याची काळजी घ्यायला सहकाऱ्यांना सांगू, असे म्हटले. ना कायदा, ना चर्चा. शतकानुशतके चाललेला अर्थ सरकारी व्यवहारातून एका उत्तराने बाद झाला.

त्यातला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द मला आजही खटकतो. १९४८मध्ये वजन-मापांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेपुढे मोठा अर्थच सर्वत्र वापरावा अशी सूचना आली होती. फ्रान्स १९६१मध्ये अधिकृतपणे त्याच अर्थाकडे परतला होता. जर्मन आणि स्पॅनिशमध्येही बिलियनचे भावंड एक लाख कोटीच होते, अजून आहे. म्हणजे तो निर्णय जगाबरोबर जाण्याचा नव्हता, अमेरिकेबरोबर जाण्याचा होता. पैशाच्या व्यवहारापुरती ती सोय खरी होती, पण तिला जगाचे नाव द्यायला नको होते.

इंग्रजीत शंभर कोटींसाठी 'मिलियार्ड' हा निःसंदिग्ध शब्द होता. तो मात्र मागे पडला. चलनबाजारात त्याचे शेपूट तेवढे उरले आहे. मिलियन आणि बिलियन कानाला सारखे वाटू नयेत म्हणून तिथले व्यवहार करणारे शंभर कोटींना अजूनही 'यार्ड' म्हणतात.