एल निनो आला म्हणजे दुष्काळ ठरलेलाच?

उन्हाळा तापला की सोलापुरात हा मेसेज फिरतोच: "यंदा एल निनो आहे, पाऊस येणार नाही, पेरणीचा विचार सोडा." आपल्या जिल्ह्याने दुष्काळ इतके सोसलेत की ही भीती वाटणं साहजिक आहे. पण तिच्यापायी कुणी बियाणं घ्यायचं थांबू नये, म्हणून हे लिहितोय.

एल निनो म्हणजे प्रशांत महासागराच्या मध्य आणि पूर्व भागात, विषुववृत्तालगतचं पाणी सरासरीपेक्षा निदान अर्धा अंश जास्त तापणं आणि काही महिने तसंच राहणं. त्यामुळे वारे बदलतात, आपल्याकडे पाऊस घटण्याची शक्यता वाढते. शक्यता, खात्री नव्हे. २००२ आणि २००९ साली एल निनो होता आणि पावसाने दगा दिला. १९९७चा एल निनो तर विसाव्या शतकातल्या सर्वांत तीव्र एल निनोंपैकी एक, तरी देशात पाऊस सरासरीइतका झाला. त्या वर्षी हिंदी महासागराचा पश्चिम भाग नेहमीपेक्षा उबदार आणि पूर्व भाग थंड होता; मान्सूनला त्याचा आधार मिळाला असं मानतात.

शिवाय आपलं गणितच निराळं. आपण पर्जन्यछायेत, त्यामुळे आपली मोठी भिस्त सप्टेंबरच्या पावसावर. मालदांडी ज्वारीची पेरणी त्याच ओलीवर होते. आणि उजनी धरण भरतं ते पुणे जिल्ह्यातल्या घाटमाथ्याच्या पावसाने.

पडताळायचं असेल तर एल निनोच्या वर्षांची यादी घ्या आणि आपल्या तालुक्याच्या पावसाच्या जुन्या नोंदी तिच्याशेजारी ठेवा. जून आणि सप्टेंबरचे आकडे मात्र वेगवेगळे बघा.