परदेशी युद्धातून सैन्यमाघार

परदेशी युद्धातून सैन्यमाघार : दुसऱ्याच्या भूमीवर लढायला पाठवलेली फौज युद्धाचा निकाल लागण्याआधीच परत बोलावणे. रणांगणावरून मागे हटणे ही सेनापतीची चाल असते, तीच फौज उद्या पुन्हा पुढे सरसावू शकते. इथे निर्णय राज्यकर्त्यांचा असतो आणि तो बहुतेक वेळा उशिरा होतो. फौज परत आणावी की नाही, याची चर्चा सहसा फौज पाठवणाऱ्या देशाच्या राजधानीत चालते. नागपूरने हा प्रश्न दोन्ही अंगांनी पाहिला आहे. इथून फौजा परमुलखात गेल्या, आणि परक्यांची फौज इथे येऊन बसली ती सव्वाशे वर्षे हललीच नाही.

पहिली बाजू भोसल्यांची. रघुजी भोसले यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर चालून जाऊ लागल्या. १७४४ मध्ये नवाब अलीवर्दीखानाने सेनापती भास्करराम कोल्हटकर यांना बोलणीसाठी बोलावले आणि शामियान्यातच त्यांना सरदारांसह कापून काढले. त्यानंतर माघार घेणे म्हणजे त्यांचे रक्त वाया घालवणे ठरले असते. स्वाऱ्या चालूच राहिल्या. १७५१ च्या तहात ओडिशा आणि सालिना बारा लाखांची चौथाई पदरात पडली. वहीखात्यात मोहीम फायद्याची दिसते. बंगालची गावे मात्र त्या दशकात ओस पडली, आणि ‘बारगीर’ (मराठा घोडेस्वार शिपाई) या शब्दावरून झालेला ‘बर्गी’ तिथल्या आया पुढे कैक पिढ्या पोरांना झोपवताना भय घालायला वापरत राहिल्या. ओडिशाही १८०३ मध्ये देवगावच्या तहाने इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. नागपुरात या स्वाऱ्यांचा अभिमान सांगितला जातो. त्या कथेत बंगाली शेतकऱ्याची बाजूही यायला हवी.

दुसरी बाजू तैनाती फौजेची. १८१६ मध्ये अप्पासाहेब भोसल्यांनी कंपनीशी तह केला. फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा, खर्च नागपूरचा आणि कारण राज्याचे रक्षण, अशी ही व्यवस्था. वर्ष-दीड वर्षात अप्पासाहेबांना तिचा अर्थ कळला. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या टेकडीवर लढाई झाली आणि भोसले हरले. १८२१ मध्ये कन्हानच्या काठी कामठीची छावणी वसली. १८५३ मध्ये तिसरे रघुजी निपुत्रिक वारले आणि पुढच्याच वर्षी कंपनीचा गव्हर्नर जनरल डलहौसीने राज्य खालसा केले. त्यासाठी नवी लढाई करावी लागली नाही, कारण फौज आधीच घरात होती.

सीताबर्डीचा किल्ला आज भारतीय सैन्याकडे आहे. २६ जानेवारी, १ मे आणि १५ ऑगस्ट असे मोजके दिवस तो लोकांसाठी उघडतो. टेकडी गणपतीच्या बाजूने रेल्वे स्टेशन दिसते, लोक लेकरांना घेऊन चढतात, तोफांजवळ फोटो काढतात. वर त्या लढाईत मेलेल्या इंग्रज बाजूच्या सैनिकांच्या कबरीही आहेत. हजारो कोसांवरून आलेली ती माणसे कोणाच्या रक्षणासाठी इथे मेली, हा प्रश्न त्या दगडांपाशी उभे राहिले की टाळता येत नाही.

परदेशी भूमीवर थांबलेली प्रत्येक फौज आपण यजमानाच्या विनंतीवरून थांबलो आहोत, असेच सांगते. तिचा खरेपणा तपासायची कसोटी एकच : यजमानाने ‘आता जा’ म्हटले, तर ती जाते का? कामठीची फौज या कसोटीला उतरली नाही. १९७१ च्या युद्धानंतर बांगलादेशातली भारतीय फौज उतरली. डिसेंबरमध्ये ढाका पडले आणि मार्च १९७२ मध्ये निरोपाचे संचलन होऊन पलटणी परतल्या.

श्रीलंकेतली गोष्ट अधिक गुंतागुंतीची. २९ जुलै १९८७ रोजी राजीव गांधी आणि राष्ट्राध्यक्ष जयवर्धने यांनी कोलंबोत करार केला, आणि तमिळ गटांची शस्त्रे खाली ठेवून घेण्यासाठी भारताची शांतिसेना बेटावर उतरली. ऑक्टोबरात तीच शांतिसेना त्यांतल्याच लिट्टे या गटाशी लढत होती. जाफना विद्यापीठाच्या मैदानावर रात्री हेलिकॉप्टरने उतरवलेल्या शीख लाइट इन्फंट्रीच्या तीस जवानांपैकी एकोणतीस मारले गेले. २५ नोव्हेंबरच्या रात्री महार रेजिमेंटच्या आठव्या पलटणीचे मेजर रामस्वामी परमेश्वरन यांची तुकडी शोधमोहिमेवरून परतताना दबा धरून बसलेल्या लिट्टेच्या तावडीत सापडली. मुंबईत जन्मलेल्या या अधिकाऱ्याने शत्रूला मागून घेरले. छातीत गोळी लागलेली असताना समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

या शौर्याबद्दल दुमत नाही. पण मेजर परमेश्वरन शांतता राखायला गेले होते आणि लढाईत पडले, हे अंतर कोणी आणि कधी ओलांडले, याचा जाब दिल्लीत कोणी दिला नाही. उद्दिष्ट बदलले की फौज का आहे, हे नव्याने ठरवायला हवे. प्रत्यक्षात आधी कुमक जाते आणि उत्तर मागाहून शोधले जाते.

१९८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झालेल्या प्रेमदासांनी शांतिसेनेला त्याच वर्षी जुलैअखेर निघून जायला सांगितले. भारताने आढेवेढे घेतले, तरी २४ मार्च १९९० रोजी शेवटची तुकडी त्रिंकोमालीहून निघाली. तोवर सुमारे बाराशे जवान मारले गेले होते. परतलेल्यांच्या स्वागताला तमिळनाडूचे मुख्यमंत्री करुणानिधी गेले नाहीत. आपल्याच किनाऱ्यावर उतरलेल्या जवानाला हे सोसावे लागले, ही बोच आजही जात नाही. धोरण चुकले असेल तर त्याचा राग धोरण ठरवणाऱ्यांवर निघावा.

माघारीविरुद्ध सर्वांत जास्त वापरला जाणारा युक्तिवाद ‘आजवरचे बलिदान व्यर्थ जाईल’ हाच आहे. ऐकताना तो मन हेलावतो, पण त्याचा अर्थ इतकाच की गेलेल्यांच्या नावाने आणखी मुले पाठवा. अमेरिकेने व्हिएतनाममध्ये सुमारे अठ्ठावन्न हजार सैनिक गमावले, मार्च १९७३ मध्ये लढाऊ फौज काढली आणि एप्रिल १९७५ मध्ये सायगाव पडलेच. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे : फौज निघाली की पोकळी उरते. इराकमधून अमेरिका २०११ च्या अखेरीस निघाली आणि २०१४ मध्ये मोसुल इस्लामिक स्टेटच्या हाती गेले. याउलट सोव्हिएत फौज १५ फेब्रुवारी १९८९ रोजी अफगाणिस्तानातून ठरल्या तारखेला बाहेर पडली, मॉस्को पैसा आणि शस्त्रे पाठवत राहिला, आणि तिथले नजीबुल्लांचे सरकार १९९२ पर्यंत तग धरून राहिले. २०२१ मध्ये काबूल तर अमेरिकी फौज पुरती निघण्याआधीच, १५ ऑगस्टला पडले. यावरून वीस वर्षांत उभी केलेली यंत्रणा किती पोकळ होती, ते दिसते. आणखी दोन वर्षे थांबून ती भरीव झाली असती, असे मानायला आधार नाही.

त्यामुळे प्रस्तुत लेखकाचे मत स्पष्ट आहे. मूळ उद्दिष्ट सुटले असेल किंवा यजमान नको म्हणत असेल, तर फौज परत आणावी. ज्यांनी तिच्या भरवशावर उघडपणे बाजू घेतली, त्यांना मात्र वाऱ्यावर सोडू नये. १९६२ मध्ये फ्रान्स अल्जीरियातून निघाला, तेव्हा त्याच्या बाजूने लढलेले हजारो स्थानिक सैनिक, म्हणजे हरकी, मागे राहिले आणि मारले गेले. श्रीलंकेत भारताच्या पाठिंब्याने ईशान्य प्रांताचे मुख्यमंत्री झालेले वरदराज पेरुमाळ यांना मार्च १९९० मध्ये भारतात आश्रय घ्यावा लागला. त्यांच्याच ईपीआरएलएफ या पक्षाचे नेते पद्मनाभ हेही भारतात आले होते. शेवटची तुकडी परतून तीन महिने होत नाहीत तोच, १९ जून १९९० रोजी, लिट्टेने त्यांना सहकाऱ्यांसह चेन्नईच्या कोडंबाक्कममध्ये गाठून मारले.