समुद्रातनं वर आलेली धनुष्यं आणि यूचं लाकूड

लाकडी धनुष्य बनवणारे लोक सारखं यू, यू करत असतात, त्याला कारण आहे. हे युरोपातलं सदाहरित झाड, हळू वाढणारं, आणि त्याच्या ओंडक्यात दोन वेगळी लाकडं आयतीच एकमेकांना चिकटलेली मिळतात. सालीखालचं पांढरट लाकूड ताण सोसतं, आतला तांबूस गाभा दाब सोसतो. धनुष्य ओढलं की निशाणाकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दबते, मग पांढरा थर बाहेर, गाभा आत ठेवून तासत जायचं, थोडं तासलं की वाकवून बघायचं, दोन्ही टोकं सारखी वाकतायत ना, जिथे कडक वाटेल तिथे परत हलकं खरवडायचं. सगळा वेळ ह्यातच जातो. आपल्याकडे भिल्लांचा तीरकमठा बांबूचा, दोरीसुद्धा बांबूचीच, तिथे कौशल्य वेगळं.

इंग्रजांची गंमत अशी की फ्रेंचांशी लढाया त्यांनी यूच्या लाँगबोवर, म्हणजे माणसाएवढ्या लांब धनुष्यावर, जिंकल्या, १३४६ ला क्रेसी, १४१५ ला अ‍ॅजिनकोर्ट, पण चांगलं लाकूड बाहेरून आणायला लागायचं. डोंगरातल्या थंडीत सावकाश वाढलेलं यू जास्त घट्ट. मग १४७२ मध्ये कायदाच केला, ठराविक देशांतून माल घेऊन येणाऱ्या जहाजानं दर टनामागे धनुष्याच्या ४ काठ्या आणायच्याच. पुढे राजा रिचर्ड तिसऱ्याच्या काळात गोड वाइनच्या प्रत्येक पिंपामागे १० काठ्या! म्हणजे दारूबरोबर लाकूड कंपल्सरी. ह्या मागणीपायी आल्प्सकडचे यू जवळपास साफ झाले, आणि तोवर बंदुकाही आल्या होत्याच.

मग धनुष्य उरलं ते हौशी लोकांचा खेळ म्हणून, आणि लढाईचं धनुष्य नेमकं कसं होतं हे सांगायला जुने नमुने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ते कोडं सुटलं एका बुडालेल्या जहाजामुळे. इंग्लंडचा राजा आठव्या हेन्रीचं लढाऊ जहाज 'मेरी रोझ' १९ जुलै १५४५ ला तिथल्या पोर्ट्समथ बंदराजवळ बुडालं, १९८२ ला सांगाडा वर काढला, आणि आतून पेट्यांत नीट रचलेली धरून १७० च्या वर धनुष्यं निघाली, गाळात हवा नसल्यानं कुजली नाहीत. काहींवर हत्याराच्या खुणा अजून दिसतात. त्यांच्या मापांवरून हिशेब केला तर ओढायचा जोर १०० ते १८५ पौंड आला, आणि आज ऑलिम्पिकमधले पुरुष साधारण ५० पौंडांच्या आसपास ओढतात! बऱ्याच जणांना आधी पटलंच नाही, मग लोकांनी तशी धनुष्यं करून, लहानपणापासून सराव केलेल्यांसारखी तयारी करून ती ओढून दाखवली.

योगायोग म्हणजे त्याच १५४५ साली रॉजर अ‍ॅस्कम ह्या इंग्रज विद्वानाचं तिरंदाजीवरचं इंग्रजी पुस्तक छापलं गेलं, त्यात देखभालीवर चांगला मोठा भाग आहे. मेण लावलेल्या लोकरी कापडानं धनुष्य रोज घासायचं, चकाकेपर्यंत, म्हणजे ओल आत शिरत नाही. फार ओढू नका, लाकडातल्या बारीक चिरा वेळेत बघा, हेही त्यात आहे. मी माझं बांबूचं धनुष्य अख्खा पावसाळा दोरी चढवूनच भिंतीला टांगून ठेवलं होतं, शोभेला छान दिसतं म्हणून. दसऱ्याला उतरवलं तर दोरी काढूनही ते वाकडंच राहिलं, आणि बाण जेमतेम अंगणाच्या कुंपणापर्यंत गेला.