टोपलीतलं पोर: कर्णापासून सुपरमॅनपर्यंत

अनंत चतुर्दशीला इंदूरला मिलच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात, अख्खं शहर रात्रभर रस्त्यावर असतं, तर मागे एका झांकीत कर्ण होता, सोनेरी कवच, आतून लायटिंग, मोटरवर खालीवर होणारा हात. भाचा खांद्यावरून ओरडला, "मामा, आयर्न मॅन!" सगळे हसले. पण घरी येता येता डोक्यात आलं की पोरगा अर्धाच चुकलाय, कॉमिकमधला आयर्न मॅन (1963) स्वतःचं चिलखत स्वतः ठोकून बनवतो, कर्ण ते अंगावर घेऊनच जन्मलाय. त्याचं खरं नातं सुपरमॅनशी.

सुपरमॅन आला 1938 मध्ये, अ‍ॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात, किंमत दहा सेंट. जेरी सीगल आणि जो शुस्टर हे क्लीव्हलँडचे दोन तरुण, दोघेही बाहेरून आलेल्या ज्यू कुटुंबांतले, आणि 130 डॉलरमध्ये हक्क विकून बसले बिचारे. गोष्ट काय, तर ग्रह नष्ट होतोय, बाप तान्ह्या पोराला यानात घालून सोडून देतो, ते पोर परक्या मुलखात वाढतं. पुढे त्याचं मूळ नाव काल-एल ठरलं, आणि हिब्रूत 'एल' म्हणजे देव. आता ज्यू घरातल्या पोरांना बायबलमधला, नाईलवर सोडलेला मोशे माहीत नसेल असं होईल का? मोशेची टोपली डांबराने लिंपलेली. त्याच्याही आधीचा जुन्या मेसोपोटेमियातल्या अक्कडचा राजा सार्गोन, त्याच्या दंतकथेत आई त्याला बोरूच्या टोपलीत घालते, वरून डांबर, आणि पाणी भरणारा अक्की त्याला वाढवतो. आणि आपल्या वनपर्वात कुंतीची पेटी मेणाने बंद केलेली. पाणी आत जाऊ नये याची काळजी प्रत्येक आईने घेतलीय, मला तर हा तपशीलच सगळ्यात भारी वाटतो. ऑटो रँक नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1909 मध्ये अशा सगळ्या जन्मकथा एकत्र मांडल्या, त्यात सार्गोन, मोशे आहेत आणि आपला कर्णपण आहे, म्हणजे सुपरमॅनच्या 29 वर्षं आधी.

कर्णाची पेटी कुठून गेली बघा: अश्वा नदी, मग चर्मण्वती, मग यमुना, मग गंगा, शेवटी चंपानगरी, तिथे अधिरथ आणि राधा. चर्मण्वती म्हणजे चंबळ, आणि चंबळ उगम पावते आपल्या इंदूरजवळच्या महूच्या पुढे, जानापावच्या डोंगरावर! रविवारी पोहे-जिलेबी हाणून गाड्या काढून आपण जातो ना, तेच. त्याच डोंगराला इकडचे लोक परशुरामाचं जन्मस्थान मानतात, म्हणजे ज्याने कर्णाला अस्त्र दिलं आणि ऐन वेळेला विसरशील असा शाप पण दिला, तो. भियाऽऽ, असा नकाशा अमेरिकेच्या कुठल्या कॉमिकला मिळणार!

बाकीच्या सुपरहिरोंचं जुन्या कथांशी नातं तर उघडच आहे. 1940 चा शझॅम, नावाचं एकेक अक्षर सॉलोमन, हर्क्युलिस वगैरे मंडळींचं. 1941 ची वंडर वुमन ग्रीक कथांतल्या लढवय्या बायकांतली, म्हणजे अ‍ॅमेझॉनांतली. 1962 मध्ये मार्वल या कॉमिक कंपनीने उत्तर युरोपच्या पुराणातला थॉर सरळ उचलूनच घेतला, आणि त्याचा हातोडा आणि इंद्राचं वज्र यांचं साम्य अभ्यासकांनी त्याच्या कितीतरी आधी मांडलं होतं, दोघेही मेघगर्जनेचे देव, दोघांचंही वैर एका महासर्पाशी.

पण कमजोरी बघायला गेलं की वाट वेगळी होते. सुपरमॅनला क्रिप्टोनाइट, म्हणजे त्याच्याच ग्रहाचा दगड, ते पण 1943 मध्ये आधी रेडिओच्या मालिकेत आलं. ग्रीक वीर अकिलीसची टाच, दुर्योधनाची मांडी, कृष्णाच्या तळपायात लागलेला जरा नावाच्या पारध्याचा बाण, हे शरीराचे कच्चे कोपरे. कर्णाचं तसं नाही. तो ब्राह्मणाच्या वेशातल्या इंद्राला ओळखून असतो, सूर्याने आधी बजावलेलं असतं, तरी अंगावरचं कवच सोलून देतो.

दुसरं म्हणजे कॉमिक दर महिन्याला विकायचं असतं, त्यामुळे हिरो मरून चालत नाही. 1992 मध्ये सुपरमॅनला मारला, लोकांनी अंकांवर उड्या टाकल्या, आणि पुढच्याच वर्षी गडी परत हजर. भाच्याला हे सांगितलं तर म्हणाला, "मग कर्ण कधी येतो परत?" म्हटलं नाही येत रे, चाक रुतलं तिथेच संपलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि मग म्हणाला, चाक काढायला कुणी गेलं का नाही.