लकडी पुलावरचे २० सेकंद

गेल्या हिवाळ्यात एका रात्री लकडी पुलाच्या कठड्याशी ट्रायपॉड लावून उभा होतो. कॅमेरा वडिलांच्या वेळचा, आत इलफर्डच्या एचपी-५ प्लस या कृष्णधवल फिल्मचा रोल. डोक्यावरून मेट्रो गेली, खाली मुठेच्या काळ्या पाण्यात दिव्यांच्या लांबच लांब रेघा. प्रकाश मोजणाऱ्या मीटरनं एफ-११ एवढ्या लहान छिद्राला २० सेकंद सांगितले. शटरची केबल दाबून धरली, मनात वीस मोजले, सोडली. आठवड्यानं निगेटिव्ह हातात आल्या तर दिवे तेवढे उमटलेले. नदी, झाडं, घाट, सगळं गायब. लॅबवाल्याला फोन करून चार शब्द सुनावले, डेव्हलपर, म्हणजे फिल्मवर चित्र उमटवणारं रसायन, जुना वापरलात म्हणून. तो शांतपणे म्हणाला, "मग त्याच रोलवरचे दिवसाचे फोटो कसे आलेत?" उत्तम आले होते. मी गप्प.

चूक त्याची नव्हती आणि मीटरचीही नव्हती. प्रकाश निम्मा झाला तर वेळ दुप्पट द्यायचा, हे त्रैराशिक कॅमेरा हातात घेणारा प्रत्येकजण पहिल्या दिवशी शिकतो. दिवसाउजेडी ते चोख चालतं. एक्सपोजर, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, सेकंदाच्या वर गेलं की फिल्म गडबड करायला लागते. ताऱ्यांचे फोटो मोजताना १९०० च्या सुमारास हे नियमात बसवलं खगोलशास्त्रज्ञ कार्ल श्वार्झशिल्डनं; होय, ज्याच्या नावाची त्रिज्या कृष्णविवराला आहे तोच.

आता आत काय चालतं ते बघू, कारण मला खरी गंमत तिथेच वाटते. फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे बारीक स्फटिक विखुरलेले असतात, साधारण एक मायक्रॉनचे, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे. प्रकाशाचा एक कण, म्हणजे फोटॉन, स्फटिकावर आदळला की एक इलेक्ट्रॉन सुटा होतो आणि भटकत भटकत एखाद्या खोड्यात, म्हणजे सापळ्यासारख्या जागी, अडकतो. तिथे चांदीचा एक फिरता आयन (विद्युतभार असलेला अणू) येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि चांदीचा अणू होतो. गर्नी आणि मॉट या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३८ मध्ये मांडलेलं चित्र ते हेच. पण हा एकटा अणू फार अशक्त. काही सेकंदांत तो फुटतो, आयन एकीकडे, इलेक्ट्रॉन दुसरीकडे. दोन अणू जमले तर जोडी तग धरते. एका जागी चारेक जमले की मग डेव्हलपर त्या स्फटिकाला हात घालतो आणि त्यातल्या अब्जावधी आयनांची चांदी करून टाकतो. चारापेक्षा कमी असतील तर तो स्फटिक तसाच राहतो आणि फिक्सरमध्ये, म्हणजे उरलेले स्फटिक विरघळवणाऱ्या रसायनात, धुऊन जातो.

सहा आसनी रिक्षा आठवा. सीटं भरल्याशिवाय ती हलत नाही. गर्दीच्या वेळी मिनिटात भरते. रात्री मात्र एकजण येऊन बसतो, कंटाळतो, उतरून चालू लागतो. मग दुसरा येतो, तोही उतरतो. रात्रभरात माणसं तेवढीच आली तरी रिक्षा जागची हलत नाही. माझ्या मुठेचं तेच झालं. फोटॉन आले होते, पण एकेकटे.

त्या खोड्यांचीही एक गोष्ट आहे. एकाच पद्धतीनं बनवूनही काही जिलेटिनची फिल्म जास्त संवेदनशील का निघते, याचा छडा कोडॅकमध्ये सॅम्युएल शेपर्डनं १९२० च्या दशकात लावला. गाईंनी मोहरीवर्गातल्या वनस्पती खाल्ल्या की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं जिलेटिनमध्ये उतरत. त्यांपासून स्फटिकावर सिल्व्हर सल्फाइडचे ठिपके बनत. हेच ते खोडे. पुढे गंधक मोजूनमापून घालू लागले.

प्रत्येक फिल्मचा स्वभाव यामुळे वेगळा. एचपी-५ साठी कंपनीच घातांक देते, १.३१: मीटरचा वेळ त्या घातावर चढवायचा. २० चे होतात जवळपास ५१ सेकंद. फुजीच्या अ‍ॅक्रॉसला दोन मिनिटांपर्यंत काहीच वाढवावं लागत नाही. रंगीत फिल्ममध्ये लाल, हिरव्या, निळ्या प्रकाशाचे थर वेगवेगळ्या वेगानं थकतात, म्हणून रात्रीच्या फोटोवर भलतीच रंगाची झाक चढते. तिलाच मग इन्स्टावर "फिल्मचा आत्मा" म्हणतात. आत्मा नाही हो, तीन थरांचं आपसात न जमणं आहे ते.

विषय निघालाच आहे तर, ग्रहणाच्या दिवशी जुनी रंगीत निगेटिव्ह डोळ्याला लावून सूर्याकडे बघणारे अजून भेटतात. ग्रहणात जेवू नये हे मी कधी मानलं नाही, पण हे मात्र खरंच करू नका. रंगीत निगेटिव्ह धुताना चांदी पूर्ण काढून टाकतात, उरतात फक्त रंग, आणि न दिसणारे अवरक्त (इन्फ्रारेड) किरण त्यांतून आरपार जातात. काळोख दिसतो म्हणून डोळ्यातली बाहुली मोठी होते आणि डोळ्याचा पडदा आतून भाजतो, दुखत मात्र नाही.

पुढच्या रोलला त्याच जागी एक्कावन्न मोजायला सुरुवात केली. मोजणी तिसाच्या आसपास आली तेव्हा एक काका लेन्ससमोर येऊन उभे राहिले. "काय काढताय?" बोललो असतो तर मोजणी चुकली असती, म्हणून हातानंच बाजूला व्हा म्हटलं. ते पुटपुटत गेले. नदी यावेळी आली, घाटाच्या पायऱ्यांसकट. काका कुठेच नाहीत.