चढावर डुलणारी सायकल आणि चेनची ओढ

इंदूरच्या सायकलच्या दुकानात "डोंगरात न्यायची आहे" असं म्हटलं की बहुतेक वेळा 'डबल शॉकर' समोर येते. पुढे स्प्रिंगचा फोर्क, सीटखाली उघडी जाड स्प्रिंग, टायर गुबगुबीत. दोन्हीकडे स्प्रिंग आहे म्हणजे ही डोंगराची सायकल, असा समज पक्का बसलेला आहे. याच सायकलवरून महूजवळच्या जानापाव डोंगराचा चढ चढायचा प्रयत्न केला की पायांतला निम्मा जोर स्प्रिंग खाऊन टाकते असं वाटतं, आणि मग दुसरा समज तयार होतो: मागे शॉक असलेली सायकल चढत नाही. हे दोन्ही समज चुकीचे आहेत, आणि दोन्हींचं उत्तर एकाच यंत्रणेत आहे.

आधी आपला भूगोल पाहू. पुण्या-नाशिककडे सह्याद्रीत लोक पायथ्यापासून चढतात आणि मग उतरतात. इंदूर माळव्याच्या पठारावर, सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे. महूच्या पुढे पाताळपाणी, चोरल किंवा जाम दरवाजाकडे गेलं की विंध्याचा कडा निमाडात कोसळतो. महेश्वरला नर्मदेपाशी उंची १६० मीटरच्या आसपास येते. म्हणजे आपल्याकडे उतार आधी आणि चढ नंतर, तोही ऊन चढल्यावर आणि पाय थकल्यावर. इथे फक्त उतरायला चांगली असलेली सायकल घेणं चूक आहे. हवी ती 'ऑल माउंटन' जातीची, मागे १४० ते १५० आणि पुढे १५० ते १६० मिलीमीटर ट्रॅव्हल असलेली. ट्रॅव्हल म्हणजे चाक जास्तीत जास्त जेवढं वर-खाली होऊ शकतं ते अंतर.

नुसती स्प्रिंग म्हणजे सस्पेन्शन नव्हे. स्प्रिंग दाबताना घेतलेली ऊर्जा जवळजवळ पूर्ण परत देते, म्हणूनच ती उडवते. खऱ्या शॉकमध्ये स्प्रिंगच्या जोडीला डॅम्पर असतो. पिस्टन तेलातून सरकतो, तेल बारीक छिद्रांतून रेटलं जातं आणि उसळीची ऊर्जा उष्णतेत जाते. दुकानातच तपासता येतं. सीटवर जोराने दाब देऊन हात एकदम उचला. सीट एकदाच वर येऊन थांबली तर डॅम्पर आहे. दोन-तीनदा डुलली तर आत नुसती स्प्रिंग आहे. ती सायकल गल्लीतल्या खड्ड्यांना ठीक, विंध्याच्या उतारावर धोक्याची.

आता मुख्य प्रश्न. पेडल मारल्यावर सायकलचा मागचा भाग दबतो का?

सिटी बस झटक्यात सुटली की उभे प्रवासी मागे झुकतात. पुढे ढकलणारं बल जमिनीपाशी, टायरवर लागतं आणि शरीराचं वस्तुमान वर असतं, म्हणून भार मागे सरकतो. सायकलवर हे प्रत्येक पेडलला होतं. मिनिटाला ७० फेऱ्या म्हणजे दोन पायांचे मिळून १४० छोटे झटके. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो, चढ १० टक्के, वेग ताशी ६ किलोमीटर असं धरा. पाय साधारण १५० वॅट देत असतील तर मागच्या चाकाचं जमिनीवरचं ढकलणारं बल सरासरी ९० न्यूटन निघतं. पण पायाचा जोर सलग नसतो. पेडल आडवं असताना बल दुपटीला जातं, वर-खाली असताना शून्याजवळ येतं. गुरुत्वमध्य जमिनीपासून १.१ मीटरवर आणि दोन चाकांत १.२२ मीटर अंतर असेल, तर या बलाच्या सुमारे नव्वद टक्के इतका भार पुढच्या चाकावरून मागच्यावर जातो. म्हणजे प्रत्येक अर्ध्या फेरीत मागच्या शॉकवर १६ किलोंचं ओझं चढतं आणि उतरतं. त्याला काहीच विरोध नसेल तर मागचा भाग सेंटिमीटरभर दबतो आणि वर येतो. यालाच आपण डुलणं म्हणतो.

विरोध करते ती चेन. पुढे ३० दातांची चेनरिंग आणि मागे ५१ दातांचं सर्वांत मोठं चक्र असेल, तर त्या चक्राची त्रिज्या १०३ मिमी आणि चाकाची ३७० मिमी. टायरवर ९० न्यूटन हवे असतील तर चेनमध्ये त्याच्या साडेतीन पटींहून अधिक ओढ लागते. पेडलचा जोर शिगेला असताना ही ओढ सुमारे ६५ किलो वजन टांगल्याइतकी होते. एवढ्या ताणाची चेन मागचं चक्र पुढे खेचत असते. आता मागचं चाक ज्या बिजागरीवर, म्हणजे पिव्हटवर फिरतं, तो अशा जागी बसवला की चाक वर जाताना चक्र आणि चेनरिंग यांच्यातलं अंतर वाढावं, तर चेनला लांब व्हावं लागेल. ताणलेली चेन लांब होत नाही. ती चाकाला उलट खाली ढकलते. एकीकडे झटका शॉक दाबतो, दुसरीकडे तोच झटका चेनमार्फत शॉक उघडतो. दोन्ही समान झाले की शॉक हलत नाही आणि वाटेतल्या दगडासाठी मोकळा राहतो. गाड्यांच्या अभियांत्रिकीतून आलेलं याचं नाव 'अँटी-स्क्वॉट'. दोन्ही परिणाम बरोबर समान असतील तर ते १०० टक्के.

हे डोळ्यांनी पाहता येतं. मागचा ब्रेक घट्ट धरा, चेन मोठ्या चक्रावर ठेवा, पेडल आडवं ठेवा आणि सीटवर पोटाने भार टाका. शॉक दबेल आणि पेडल आपोआप थोडं मागे फिरेल. तेवढी चेन ओढली गेली. सायकल निवडताना ही एक कृती माहितीपत्रकाच्या चार पानांपेक्षा जास्त सांगते.

टक्केवारी काढायला पट्टी आणि पेन्सिल पुरते. एकाच पिव्हटची सायकल घेऊ. बाजूने काढलेल्या फोटोवर मागच्या अ‍ॅक्सलपासून (चाकाच्या मधल्या कण्यापासून) पिव्हटमधून जाणारी रेषा काढा. दुसरी रेषा चेनच्या वरच्या पदराची. या दोन रेषा जिथे छेदतात तो बिंदू महत्त्वाचा. मागचा टायर जमिनीला जिथे टेकतो तिथून या बिंदूतून तिसरी रेषा काढून ती पुढच्या अ‍ॅक्सलमधून जाणाऱ्या उभ्या रेषेपर्यंत वाढवा. ती जेवढ्या उंचीवर भिडली त्याला गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा आणि शंभराने गुणा.

एक उदाहरण सोडवू. स्वार बसल्यावर पेडलचा कणा मागच्या अ‍ॅक्सलच्या ६५ मिमी खाली आणि ४३५ मिमी पुढे आहे, पिव्हट त्या कण्याच्या बरोबर ७० मिमी वर आहे. वरचेच ३० आणि ५१ दात धरले तर उत्तर सुमारे १०२ टक्के येतं. तोच पिव्हट फक्त ३ सेंटिमीटर खाली घ्या, उत्तर ६८ टक्के. बाकी फ्रेम तीच, शॉक तोच, किंमत तीच, आणि एक सायकल चढावर शांत तर दुसरी डुलणारी. चेनरिंगही यात भाग घेते. पहिल्या मांडणीत ३२ दातांना ९९, ३० ला १०२, २८ ला १०६ टक्के येतात. पाय सोपे व्हावेत म्हणून बसवलेली छोटी चेनरिंग अँटी-स्क्वॉटही थोडा वाढवते.

चार दांड्यांच्या रचनेत पिव्हट एका जागी नसतो. दोन दांड्यांच्या रेषा हवेत जिथे छेदतात तो काल्पनिक बिंदू पिव्हटचं काम करतो, आणि शॉक दबेल तसा तो सरकतो. इथेच रचनाकाराला खरं स्वातंत्र्य मिळतं. पेडल मारताना शॉक जिथे असतो तिथे १०० ते ११५ टक्के, आणि पुढे खोल ट्रॅव्हलमध्ये झपाट्याने कमी, असा आलेख त्याला आखता येतो. हॉर्स्ट लाइटनर यांची 'हॉर्स्ट लिंक' आणि डेव्ह वीगल यांची 'डीडब्ल्यू-लिंक' या याच शोधातल्या दोन प्रसिद्ध वाटा. मागच्या अ‍ॅक्सलजवळची बिजागरी त्याच्या पुढे, खालच्या दांडीवर असेल तर ती हॉर्स्ट पद्धत. अ‍ॅक्सलच्या वर असेल तर जोडदांड्या कितीही दिसल्या तरी ती मुळात एक-पिव्हटच.

मग १५० टक्के का नको? कारण हीच चेन उतारावर हिशेब मागते. चाक दगडावर आदळून वर जाताना चेन पेडल मागे ओढते आणि तळपायाला झटका बसतो. चाक वेगाने फिरत असेल तर फ्रीहबमुळे (पेडल थांबलं तरी चाक मोकळं फिरू देणाऱ्या मागच्या हबमुळे) तो फारसा कळत नाही, पण मागचा ब्रेक दाबून धरलेला असताना नक्की कळतो. चढावरही फार जास्त अँटी-स्क्वॉट म्हणजे ताणलेली चेन चाकाला दगडावरून वर जाऊ देत नाही आणि पकड सुटते. शॉक जखडून ठेवणाऱ्या 'लॉकआउट'च्या खटक्याचं तेच. जानापावच्या डांबरी रस्त्यावर तो जरूर लावा. चोरलच्या सुट्या दगडांत लावला तर चाक उड्या मारेल. आणि उभं राहून पेडल मारलं तर सगळं शरीरच वर-खाली होतं, ते कुठलीही रचना थांबवत नाही. चढावर बसून, गोल पाय फिरवा.

बसून फिरवायचं तर सीट कुठे आहे हे आलंच. १० टक्क्यांच्या चढावर सगळी सायकल पावणेसहा अंशांनी मागे कलते, म्हणजे ७३ अंशांची सीटट्यूब (सीटखालची नळी) ६७ अंशांची झाल्यासारखी वागते. स्वार मागे सरकतो, पुढचं चाक हलकं होऊन भरकटतं. सीट पेडलपासून ७० सेंटिमीटर वर असेल तर कोनाचा प्रत्येक अंश तिला १२ मिमी पुढे आणतो; ७३ ऐवजी ७७ म्हणजे जवळजवळ ५ सेंटिमीटर. म्हणून ७६.५ ते ७८ अंश बघा. उंच माणसांनी एक सांभाळावं: छापलेला कोन ठरावीक उंचीवर मोजलेला असतो, आणि नळी प्रत्यक्षात जास्त मागे कललेली असेल तर सीट वर काढल्यावर ती छापल्यापेक्षा बरीच मागे जाते. आपल्या उंचीला सीट लावून, बसूनच ठरवा.

पुढचा कोन, म्हणजे हँडलखालच्या नळीचा जमिनीशी असलेला कोन, उताराचा. ६९ अंशांवरून ६५ वर आलं की, ४४ मिमी ऑफसेटच्या (चाकाचा कणा हँडलच्या अक्षाच्या जेवढा पुढे असतो त्या अंतराच्या) फोर्कला, पुढच्या चाकाची 'ट्रेल' ९५ वरून १२४ मिमी होते. हँडलच्या अक्षाची रेषा जमिनीला भिडते तिथून टायर टेकतो तिथपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचं चाक जसं आपोआप मागे राहून सरळ होतं, तसं पुढचं चाक वेगात स्वतःला सरळ ठेवतं. संथ चढावर तेच हँडल जड आणि डगमगतं वाटतं. ६५ च्या आसपास थांबा. ६३ ची सायकल लिफ्टने वर नेतात तिथली आहे.

वजनाचा गाजावाजा मात्र बाजूला ठेवा. पायथ्यापासून जानापाव साधारण ३०० मीटर चढायचं आहे. १५० वॅटला ८५ किलो वर न्यायला, निव्वळ चढाचे, २८ मिनिटं लागतात. एक किलो कमी केल्याने वीस सेकंद वाचतात. कार्बन फ्रेमसाठी ज्यादा मोजलेले पैसे याहून बऱ्याच चांगल्या ठिकाणी जातील: चार पिस्टनचे ब्रेक, पुढे २०० मिमीची डिस्क, खटक्याने खाली जाणारी किमान १५० मिमीची ड्रॉपर सीटपोस्ट आणि जाड कडांचे टायर. आपल्याकडचा फुटका बेसाल्ट पातळ टायरची कड चिरतो. बाभूळ आणि गोखरू यांच्यासाठी ट्यूबलेस आणि आत छिद्र बुजवणारं १०० मिलिलिटर सीलंट हवंच. माळव्याच्या उन्हाळ्यात ते दोन महिन्यांत सुकतं. पावसाळ्यात काळी माती टायरला थापली जाते, तेव्हा टायर आणि फ्रेममध्ये बोट सहज जाईल एवढी जागा पाहूनच घ्या. डिरेलरचा (गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारा छोटा तुकडा, प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो. सायकलबरोबरच दोन मागवून ठेवा, कारण तो मोडतो तेव्हा दुकान बंद असतं.

आणि वरचं सगळं गणित 'सॅग'वर उभं आहे. सॅग म्हणजे पूर्ण सामानासह नुसतं बसल्यावर शॉक जेवढा दबतो ते. ५५ मिमी चालीच्या शॉकला २८ टक्के म्हणजे साडेपंधरा मिमी. शॉकवरचं रबरी कडं बुडाशी सरकवून हळू बसा, हळू उतरा आणि मोजा. चाळीस टक्के दबत असेल तर पिव्हट खाली गेला, अँटी-स्क्वॉट घसरला, सीट मागे कलली आणि पेडल दगडांना लागू लागलं. चांगली सायकल तेवढ्यानेच वाईट होते. मग गुळगुळीत चढावर शॉक मोकळा ठेवून मिनिटभर बसून चालवा. कडं १८-१९ पर्यंत गेलं तर उत्तम. २५ गाठलं आणि सॅग बरोबर असेल, तर ती फ्रेमच तशी आहे, दुसरी बघा.

सॅग एकदा लावून सुटका नाही. शॉकमधली हवा शाळेतलाच वायूचा नियम पाळते. डिसेंबरच्या पहाटे १० अंशांना २०० पीएसआय भरलेला शॉक मे महिन्यात ४३ अंशांना सुमारे २२५ दाखवेल आणि दगडी वाटेल. ऋतू बदलला की पुन्हा मोजा. पंप शॉकचाच हवा, टायरचा नाही. तो लावताना थोडी हवा नळीत जाते, म्हणून पंप जोडल्यावर आकडा आधीपेक्षा कमी दिसतो. काढताना होणारी 'फुस्स' मात्र नळीतल्या हवेची असते, शॉकमधल्या नव्हे. तेव्हा पंप लावलेला असताना दिसतो तोच आकडा लिहून ठेवा.